उजवा पाय कुठे ठेवायचा?

लिंबू-मिरचीवर माझा काडीचाही विश्वास नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं काम असं आहे की ते कुणाला खरं वाटत नाही. मी पेणला एका गाड्यांच्या शोरूममध्ये डिलिव्हरीला आहे. नव्या गाडीच्या चार चाकांखाली चार लिंबं ठेवणारा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढणारा, मालकाच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी देऊन फोटो काढणारा जो माणूस असतो ना... तो मी. नऊ वर्षांत किती लिंबं चिरडली असतील देव जाणे. उरलेल्या लिंबांचं आम्ही दुपारी सरबत करून पितो. आजवर कुणाचं पोटसुद्धा दुखलेलं नाही.

या ग्रुपवरचे भुताचे अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... "अरे, डॅशकॅम लावा की" असं मनात म्हणतो आणि पुढे जातो. तेव्हा मी स्वतः कधी इथे लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं. लिहायला उशीर झाला त्याचं कारणही वेगळंच आहे. काय घडलं ते सांगायचं तर आधी मी काय केलं ते सांगावं लागतं, आणि ते मी चार महिने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गोष्ट गेल्या दसऱ्यापासून सुरू होते. दसऱ्याला आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या दिवशी माझ्या एकट्याकडे अकरा डिलिव्हऱ्या होत्या आणि प्रत्येकाला गाडी बाराच्या आत दारात हवी होती. एरवी एक गाडी नीट समजावून द्यायला तास लागतो. दसऱ्याला मी ते वीस मिनिटांत उरकतो. उरकतो हाच शब्द बरोबर आहे.

पाचवी की सहावी गाडी एका काकांची होती. तळ्याजवळच्या एका गावचे. नाव लिहीत नाही, काकाच म्हणतो. घरची भातशेती, पण हयात गेली ती रोह्याकडच्या एका केमिकल कंपनीत बॉयलर सांभाळण्यात. निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात निळ्या पुठ्ठ्याची छोटी वही. बरोबर काकू होत्या. त्यांच्याकडे आवळासुपारीची स्टीलची डबी होती, गाडी लागते म्हणून जवळ ठेवतात म्हणाल्या. गाडी अजून जागची हललीसुद्धा नव्हती, तरी त्यांनी सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. माझ्याही.

काका वर्षानुवर्षं जुनी जीप चालवत आलेले, हात पक्का. पण बॉयलरच्या लोखंडी शिड्या चढून डावा गुडघा दुखरा झाला होता, क्लच दाबवत नव्हता, म्हणून मुलाने आग्रह करून ऑटोमॅटिक घ्यायला लावली. मी माझी नेहमीची पोपटपंची सुरू केली तसा त्यांनी हात वर केला.

"साहेब, असा भरभर नका सांगू. मी लिवून घेतो."

मी त्यांच्या मुलापेक्षाही लहान असेन. पण यंत्र समजावून सांगेल तो साहेब, असा त्यांचा कंपनीतला शिरस्ता. ते एकेक गोष्ट विचारायचे, नंबर टाकून लिहायचे, लिहिलेलं मला वाचून दाखवायचे, मी "हो" म्हटलं की शेजारी बरोबरची खूण करायचे आणि मग पुढे. एका ठिकाणी टायरच्या हवेचा आकडा त्यांनी चुकीचा लिहिला. गिरवागिरव न करता त्यावर एक सरळ रेघ मारली, बाजूला बरोबर आकडा लिहिला आणि खाली बारीक सही केली. मला हसू आलं.

"काका, स्वतःच्याच वहीत सही?"

"मंग! लॉगबुकाचा कायदा हाय तो. गिरवायचा न्हाय, पान फाडायचा न्हाय. चुकीवर एक रेघ, बाजूला बरोबर काय ता, आन ज्याची चूक त्याची सही. सगळी नोकरी तसाच केलाय."

"आमच्या वाण्याच्या यादीवरबी सह्या असतात," काकू म्हणाल्या, आणि आम्ही सगळेच हसलो.

मग आलं क्रूझ कंट्रोल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोकळ्या रस्त्यावर एक वेग ठरवून बटण दाबलं की गाडी तो वेग आपला आपण धरून ठेवते, अॅक्सिलरेटरवर पाय लागत नाही. ब्रेकला जरा पाय लावला की सुटतं. पण साधं क्रूझ पुढचं बघत नाही. समोर म्हैस येवो नाहीतर टेम्पो, तिला ऐंशी सांगितलंत तर ती ऐंशीनेच जाणार. म्हणून ते वळणावर, गर्दीत, ओल्या रस्त्यावर लावायचं नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर लावलं तरी पाय ब्रेकजवळ ठेवायचा. हे सगळं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. त्याची परीक्षाही झाली होती आणि मी पास झालो होतो.

काकांनी बटणं लिहून घेतली. मग चष्मा कपाळावर चढवून विचारलं,

"मंग ह्यो उजवा पाय कुठं ठेवायचा?"

नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. क्रूझबद्दल विचारायला हवा असा हाच तर प्रश्न आहे. उत्तर चार शब्दांचं होतं. टाच जमिनीवर, पंजा ब्रेकसमोर. मला ते झोपेतही सांगता आलं असतं. पण बाहेर पुढची मंडळी हार घेऊन उभी होती, मॅनेजर काचेतून घड्याळ दाखवत होता, आणि माझा एक ठरलेला विनोद होता, दर डिलिव्हरीला हमखास हशा मिळवणारा. तो मी टाकला.

"पाय? आता खुशाल मांडी घाला काका! आयुष्यभर राबवलंत, आता सुट्टी द्या त्याला!"

सगळे हसले, काकूसुद्धा. काका तेवढे हसले नाहीत, कारण ते लिहीत होते. लिहून झाल्यावर ते सवयीने वाचून दाखवू लागले, तोवर मी "हो हो, बरोबर" म्हणत लिंबं ठेवायला बाहेर पडलो होतो. त्यांनी काय वाचलं ते मी ऐकलंच नाही.

नोव्हेंबर सरता सरता ती गाडी क्रेनवर लटकून परत आली. पुढची उजवी बाजू आत गेलेली, एअरबॅग फुटून लोंबत होत्या.

काका-काकू लेकीकडे किहीमला निघाले होते. इंदापूर सोडलं की कोलाडच्या अलीकडे काँक्रीटचा सरळ पट्टा आहे. सकाळी दहाची वेळ, लख्ख ऊन. भातं झोडून झाली होती, पुढे पेंढ्याने भरलेला एक टेम्पो आपल्या चालीने चालला होता. टेम्पोवाल्याने सांगितलं की मागून येणाऱ्या गाडीचा वेग जरासुद्धा कमी झाला नाही. अगदी शेवटी काकांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी दुभाजकावर गेली. काकूंचा हात मोडला. काकांच्या छातीला मार बसला होता, ते संध्याकाळपर्यंतच होते.

दुरुस्तीला आलेल्या गाडीतल्या सामानाची यादी करावी लागते. ती मी केली. देवाचा छोटा फोटो, पाण्याची बाटली, आवळासुपारीची डबी, तिचं झाकण उघडं आणि अर्धे तुकडे गाडीभर सांडलेले. आणि उजव्या पायाची एक चप्पल. ती पेडलपाशी नव्हती. ड्रायव्हरच्या सीटखाली आत सरकवून ठेवलेली होती. बसायच्या आधी माणूस चप्पल काढून ठेवतो तशी. 

वही समोरच्या खणात होती.  चौदाव्या नंबरवर लिहिलं होतं:

"१४. क्रूझ लागल्यावर उजवा पाय: मांडी घालावी. साहेबांनी सांगितले."

शेजारी बरोबरची खूण. म्हणजे मला वाचून दाखवलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

मांडी घालून, गुडघे पुढे काढून, उंच बसलेल्या माणसावर एअरबॅग कशी आदळते हेही मला ट्रेनिंगमध्ये दाखवलं होतं. ते आठवलं. पण खोटं कशाला लिहू, माझ्या मनात सगळ्यात आधी काका आले नाहीत. आधी आलं ते हे, की मॅनेजरने हे वाचलं तर? काकांचा मुलगा वकिलाकडे गेला तर? मी वही शर्टाच्या आत घातली. यादीत ती लिहिली नाही. माझ्या लॉकरमध्ये, गणवेशाच्या खाली ठेवून दिली आणि कुलूप लावलं.

पंधरा दिवसांनी काकांचा मुलगा कागदांवर सह्या करायला आला, बरोबर काकू. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. त्यांनी मला ओळखलं.

"ह्यांची निळी वही व्हती बग गाडीत. गावली काय?"

"नाही काकू," मी म्हणालो.

"शेवटचा अक्षर त्यांचा तिच्यात हाय रे. कुठं गेली असंल?"

मी सामानाची पिशवी पुढे केली. डबी बघितल्यावर काकूंनी हात मागे घेतला. मुलाने पिशवी घेतली आणि घेताघेता म्हणाला, "आई, चालत्या गाडीत त्यांना सुपारी द्यायलाच नको होती गं तू." तो ओरडून नाही बोलला. दमलेल्या आवाजात बोलला, ते जास्त वाईट होतं.

"व्हय रे," काकू म्हणाल्या. "मी डबी पुढं केली, त्यांनी माझ्याकडं बगितला, आन झाला सगळा." हे वाक्य त्यांनी याआधी खूप वेळा म्हटलं असणार, सगळे शब्द जागच्या जागी होते.

माझा लॉकर तिथून वीस पावलांवर होता. मला बोलता आलं असतं. नाही बोललो. त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवलोसुद्धा, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

घरच्यांना ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. दुरुस्त होऊन ती आमच्याच जुन्या गाड्यांच्या यार्डात विकायला आली. मार्चअखेरीस रोह्याच्या एक मॅडम ती बघायला आल्या. अपघात झालेली गाडी आहे हे सांगूनच आम्ही विकतो, तरी त्यांना आवडली. ट्रायलला मी चालवत होतो. दुपारचे दोन, वडखळच्या पुढे नागोठण्याच्या दिशेने रस्ता मोकळा. सत्तरवर क्रूझ लावलं आणि "बघा मॅडम, पाय लागतच नाही" म्हणत उजवा पाय उचलून सीटवर घेतला.

हो. तीच गाडी, तीच सीट, आणि मी तेच केलं. विनोद मी त्या नोव्हेंबरपासून सोडला होता, पण सवय अंगात मुरलेली. जित्याची खोड, दुसरं काय.

पाय वर आला आणि क्रूझ सुटलं. नुसतं सुटलं नाही, गाडीने हलकेच नाक खाली केलं, ब्रेक लागल्यावर करते तसं. मला वाटलं, अंगठा चुकून बटणाला लागला. पाय खाली ठेवून पुन्हा लावलं, नीट लागलं. पाय वर, सुटलं. तिसऱ्यांदाही तेच. मॅडम म्हणाल्या, "काहीतरी बिघाड आहे वाटतं," आणि गाडी न घेताच गेल्या.

मी पुढचे चार दिवस ती गाडी एकटाच काढत होतो. पायाखालचं मॅट काढून टाकलं. डावा पाय उचलून बघितला, काही नाही. उजवी टाच जमिनीवर ठेवून नागोठण्यापर्यंत गेलो, एकदाही सुटलं नाही. उजवा पाय उचलला की मनात तीन आकडे मोजायच्या आत ब्रेक. आता गाडीतलं कळणाऱ्यांनी सांगा, ड्रायव्हरचा पाय कुठे आहे हे ओळखणारं असं काही त्या गाडीत असतं का? नसतं. मी वायरिंगचा नकाशा काढून बघितला.

शेवटी हुसेनभाईंकडे गेलो. हे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, मूळचे म्हसळ्याकडचे. पाच वेळचे नमाजी आणि तोंडाने फटकळ. आधी त्यांनी मलाच झाडलं. "गाडीला नाव नको ठेवू. तुझा अंगठा जाडा हाय." तरी ब्रेकचा स्विच बदलला. फरक नाही. मग म्हणाले, "चल, मी चालवतो, तू स्कॅनर धर."

स्कॅनर म्हणजे गाडीला जोडायचं यंत्र, गाडीत त्या क्षणाला काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. मी बाजूच्या सीटवर ते मांडीवर घेऊन बसलो. दुपारचे साडेतीन असतील, ऊन तिरकं आत येत होतं. हुसेनभाईंनी सत्तरवर क्रूझ लावलं आणि दोन्ही पाय उचलून मांडी घातली. पडद्यावर 'ब्रेक: बंद' होतं ते 'ब्रेक: चालू' झालं. मी खाली वाकून बघितलं.

पेडल खाली गेलं होतं. दोन बोटं तरी नक्की. खाली कुणाचा पाय नव्हता, दोरी नव्हती, मॅट नव्हतं, उन्हात पेडलवरच्या रबराच्या रेघा मोजता येत होत्या. आणि ते हिसका बसल्यासारखं गेलं नव्हतं. रोज गाडी चालवणारा माणूस पुढे काही दिसलं की कसा सावकाश दाबतो, तसं दाबलेलं होतं. हुसेनभाईंनी घाईने पाय खाली सोडला तसं ते हळूहळू वर आलं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. मग इंजिन बंद केलं.

"गाडीत खोट न्हाय," ते शेवटी म्हणाले. "गाडीला तालीम हाय. कुणीतरी हिला शिकवून ठेवलाय, पाय उचलला की थांब म्हणून." मग माझ्याकडे वळले. "हा कायदा कुणाचा रे? तुला म्हायती हाय. तुझा तोंड सांगतो."

मग मी रडलो. रस्त्याच्या कडेला, दुपारी, येणारे-जाणारे बघत असताना. दसरा, विनोद, चप्पल, वही, काकूंना मारलेली थाप... सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते पाठीवर हात ठेवतील. नाही ठेवला.

"मला सांगून काय फायदा? मी काझी हाय? ज्या बाईच्या डोक्यावर तू हा ओझा ठेवलायस तिला सांग. हीच गाडी घेऊन जा. आन पाय खाली ठेव."

सुट्टीच्या दिवशी सकाळीच निघालो. कोलाड मागे टाकल्यावर दुभाजकाचा टवका उडालेली जागा दिसली. टाच जमिनीवर दाबून धरूनच मी तिथून गेलो, क्रूझ लावलंच नव्हतं तरी.

काकू अंगणात सुपात वाल निवडत होत्या. प्लास्टर निघालं होतं, पण उजवा हात अजून जपूनच हलवत होत्या. शेजारची बाई त्यांच्याबरोबर बसली होती, ती मला बघून उठून गेली.

"तू शोरूमचा ना? बस की."

मी बसलो नाही. पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पदराला हात पुसले आणि पुठ्ठ्यावर बोटं ठेवली.

"गावली?"

"गावली नाही काकू. माझ्याकडेच होती. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी वही माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाल्या, "वाच. मला चष्म्याबिगर दिसत न्हाय. पयल्यापासून वाच, मधनंच नको."

मी उभ्यानेच वाचायला लागलो. काच खाली करायचं बटण. वायपर. टायरची हवा, एक रेघ, बरोबर आकडा, बारीक सही. तिथे काकूंच्या चेहऱ्यावर जरासं हसू येऊन गेलं. पेट्रोलचं झाकण. बाहेर पडताना गिअर कुठे ठेवायचा. तेरापर्यंत वाचलं आणि वही मिटली.

"वाच," काकू म्हणाल्या.

मी चौदावं वाचलं. साहेबांनी सांगितले, इथपर्यंत. "तो साहेब मी, काकू. त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता. मी चेष्टा केली. त्यांना चेष्टा कळली नाही असं नाही, यंत्राच्या बाबतीत कुणी चेष्टा करेल असं त्यांना वाटलंच नाही. तुमच्या डबीचा यात काही संबंध नाही. त्यांनी तुमच्याकडे बघितलं नसतं तरी मांडी मोडून पाय ब्रेकवर यायला तेवढा वेळ नव्हता."

सुपातले वाल तसेच होते. काकूंचा हात त्यांच्यावर नुसता पडला होता.

"पाय वर घेतला त्यांनी, तवा मी बोलले व्हते," त्या म्हणाल्या. "म्हटला, असे काय बसलाव? तर बोलले, रीतसर हाय, लिवलेला हाय. मला वाटला मस्करी करतात."

मग आवाज न चढवता: "चार महिने माझा पोरगा माझ्याकडं सरळ बगत न्हाय. चार महिने मी ह्या हाताला शिव्या देतंय. आन तू वही दाबून बसलास."

 

त्या उठून आत गेल्या आणि काकांचं पेन घेऊन आल्या. दसऱ्याला खिशाला होतं तेच.

"त्यांचा कायदा म्हायती हाय ना तुला? लिव."

मी ओट्यावर वही ठेवून चौदाव्या ओळीवर एक रेघ मारली. रेघ वाकडी गेली. बाजूला लिहिलं, टाच जमिनीवर, पंजा ब्रेकसमोर. खाली पूर्ण नाव घालून सही केली. काकूंनी चष्मा मागवून घेतला नाही, कागद डोळ्यांजवळ धरून सहीवरून बोट फिरवलं.

"आता माझ्या पोराला फोन लाव. तूच सांग त्याला. मी न्हाय सांगणार."

लावला. अंगणातच उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "आईला फोन दे." काकू फोन घेऊन आत गेल्या. आतून मला फक्त त्यांचं "व्हय रे... व्हय... रडू नको" ऐकू येत होतं.

परत आल्या तेव्हा हातात ती स्टीलची डबी होती. मुलाने घरी आणून ठेवल्यापासून ती कुणी उघडली नव्हती, घट्ट बसली होती. त्यांनी ती दुखऱ्या हाताने जोर लावून उघडली, एक तुकडा तोंडात टाकला, आणि डोळे मिटून सावकाश चघळत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलं नाही. मग झाकण लावलं. दसऱ्याला त्यांनी सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला होता. आज मला दिला नाही. मी निघालो तेव्हा त्या पुन्हा वाल निवडायला बसल्या होत्या.

आता परतीचं सांगतो आणि थांबतो.

कोलाडच्या अलीकडचा तोच पट्टा, भर दुपार, पुढे-मागे कुणी नाही. मी सत्तरवर क्रूझ लावलं. असं करायला नको होतं, पण मला कळल्याशिवाय राहवेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवून उजवा पाय हळूच जमिनीवरून उचलला, वीतभर. एक, दोन, तीन... दहापर्यंत मोजलं. क्रूझ सुटलं नाही. खाली बघितलं, पेडल जागच्या जागी वर. गाडी आपली सत्तरने चालली होती. मी पाय खाली आपटला आणि ब्रेक दाबून कडेला थांबलो. आता ब्रेक दाबायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सगळं लिहून दिलं. त्याचं पुढे काय होईल ते होईल. हुसेनभाईंनी नंतर त्या गाडीची वीसेक वेळा ट्रायल घेतली, पाय वर घेऊन, मांडी घालून. एकदाही सुटलं नाही. तोच स्विच, तीच वायरिंग, मधल्या काळात कुणी स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही. सैल कनेक्शन म्हणाल तर पेडल कसं खाली गेलं? माझ्या मनाचे खेळ म्हणाल तर पाय हुसेनभाईंचा होता आणि स्कॅनरला मन नसतं. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. इथे कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी खरंच वाचेन, आणि या वेळी हसणार नाही.

डिलिव्हरीला आता क्रूझचं सांगून झालं की मीच विचारतो, उजवा पाय कुठे ठेवायचा? समोरचा माणूस बरोबर उत्तर देईपर्यंत चाकाखाली लिंबू ठेवत नाही. मॅनेजर काचेतून घड्याळ दाखवतो, दाखवू दे.

परवा हुसेनभाईंनी चहा पिता पिता विचारलं, "खरा सांग, जास्त कधी भ्यालास? पेडल खाली गेला तवा ना?"

म्हटलं, नाही. परत येताना. ते वरच राहिलं तेव्हा.